वैद्यकीय प्रशिक्षणातील हिंसा : फिलाडेल्फिया येथील १८६९ च्या घटनेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
वैद्यकीय विद्यार्थ्याचे खरे शिक्षण रुग्णशय्येजवळ होते. त्यामुळे रुग्णालयात कोणाला प्रवेश मिळतो, हा प्रश्न व्यवसायात कोणाला स्थान मिळते या प्रश्नाशी निगडित असतो. प्रशिक्षणकाळात विद्यार्थिनींवर झालेल्या हिंसेचा विचार या संदर्भात करणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी :
फिलाडेल्फियात १८५० मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. तथापि, १८५८ मध्ये तेथील काउंटी मेडिकल सोसायटीने स्त्री डॉक्टरांशी व्यावसायिक सहकार्य नाकारण्याची भूमिका घेतली. प्रात्यक्षिक शिक्षणाची ही उणीव भरून काढण्यासाठी डॉ. अ‍ॅन प्रेस्टन यांच्या पुढाकाराने १८६१ मध्ये स्त्रियांचे रुग्णालय उभे राहिले. प्रेस्टन १८६६ मध्ये महाविद्यालयाच्या अधिष्ठाता झाल्या. त्यांच्या प्रयत्नांमुळे १८६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमधील शनिवारची व्याख्याने विद्यार्थिनींना खुली झाली.

घटना आणि प्रतिक्रिया :
६ नोव्हेंबर १८६९ रोजी विद्यार्थिनी व्याख्यानगृहात येताच पुरुष विद्यार्थ्यांनी हुर्यो उडविली. त्यांच्या अंगावर कागदाचे बोळे व चघळलेली तंबाखू फेकण्यात आली. व्याख्यान संपल्यावर रस्त्यापर्यंत त्यांचा पाठलाग झाला. वृत्तपत्रांनी या वर्तनाचा निषेध केला. परंतु त्याच महिन्यात शहरातील अनेक डॉक्टर व प्राध्यापकांनी मिश्र वर्गांविरुद्धच निवेदन काढले. स्त्रियांच्या उपस्थितीत पुरुष रुग्णांची तपासणी करणे शालीनतेस धरून नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. अन्याय करणाऱ्यांना शिस्त लावण्याऐवजी अन्याय सोसणाऱ्यांनाच बाहेर ठेवावे, असा याचा अर्थ होतो. जेथे स्त्रियांना रुग्ण म्हणून विद्यार्थ्यांपुढे आणणे योग्य मानले जाते, तेथे स्त्रियांनी विद्यार्थी म्हणून येणेही योग्यच आहे, असे प्रत्युत्तर प्रेस्टन यांनी दिले. रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनीही प्रवेश मागे घेतला नाही. पुढील वर्षी, १८ नोव्हेंबर १८७० रोजी, एडिंबरोच्या सर्जन्स हॉलसमोर शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेला आलेल्या विद्यार्थिनींवर चिखलफेक झाली. यावरून हा विरोध एका शहरापुरता मर्यादित नव्हता, हे स्पष्ट होते.

महाराष्ट्राशी संबंध :
फिलाडेल्फियाच्या याच महाविद्यालयात आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये दाखल झाल्या व १८८६ मध्ये एम. डी. झाल्या. त्यांच्या यशाचा गौरव करताना त्यांच्या आधीच्या विद्यार्थिनींनी सोसलेल्या अपमानाची नोंद क्वचितच घेतली जाते.

निष्कर्ष :
१८६९ ची घटना हा तरुणांचा केवळ हुल्लडपणा नव्हता, तर व्यवसायाचे दार बंद ठेवण्याचा तो प्रयत्न होता. हिंसेला मिळणारे बळ जमावाइतकेच वरिष्ठांच्या समर्थनातून येते आणि संस्था ठाम राहिल्यास तो प्रयत्न फसतो, असे या घटनेवरून दिसून येते. महाराष्ट्रात १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा झाला. २०२४ मध्ये कोलकात्यात प्रशिक्षणार्थी महिला डॉक्टरच्या हत्येनंतर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमले. मात्र कायद्याची अंमलबजावणी अखेरीस महाविद्यालय आणि रुग्णालय यांच्या प्रमुखांच्या भूमिकेवरच अवलंबून असते. विद्यार्थिनीची तक्रार आल्यावर कोणाला वर्गाबाहेर ठेवले जाते, हीच त्या भूमिकेची कसोटी होय.