'आज पाच वाजेपर्यंत फी भरा, नाहीतर सीट जाईल'

परवा दुपारी एक पालक ऑफिसात आले. मुलगी दहावी पास, मार्क चांगले. एका खाजगी क्लासने टायअपच्या कॉलेजात अकरावीची जागा देऊ केली होती, पण अट अशी, की आज पाचच्या आत २५ हजार भरायचे आणि ओरिजिनल दाखला जमा करायचा. सरकारी पोर्टलवरची पहिली यादी चार दिवसांनी लागणार होती. मुलीला हवं असलेलं कॉलेज त्या यादीतलं. "पत्रकारसाहेब, भरू का थांबू?"

मला एकदम १९९८ आठवलं. तेव्हा पोर्टल वगैरे काही नव्हतं, प्रत्येक कॉलेजची यादी वेगळी आणि तारीखही वेगळी. वडिलांनी घाबरून गावातल्या कॉलेजात माझा दाखला जमा केला. आठ दिवसांनी जिल्ह्याच्या ठिकाणचं पत्र आलं, मला हवं होतं तिथलं. दाखला परत मागायला गेलो तर म्हणाले, वर्षाची पूर्ण फी भरा आणि न्या. तेवढे पैसे नव्हते. माझं फार वाईट झालं असं नाही, पण वडील ते पत्र पुढे कित्येक वर्षं ट्रंकेत ठेवून होते.

ही 'लवकर सांग, नाहीतर गेलं' पद्धत फार जुनी आहे. तिचा सगळ्यात नीट नोंदलेला इतिहास आहे अमेरिकेतल्या डॉक्टरांचा. तिथं इंटर्न मिळवण्यासाठी हॉस्पिटलांमध्ये चढाओढ असायची. दुसऱ्याच्या आधी आपण पोरगं पकडायचं, म्हणून नेमणुका अलीकडे अलीकडे येत गेल्या. १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तर इंटर्नशिप सुरू व्हायच्या दोन-दोन वर्षं आधी जागा ठरू लागल्या. पोरगा पुढे कसा डॉक्टर निघणार, हे कुणालाच माहीत नसताना!

१९४५ मध्ये मेडिकल कॉलेजांनी ठरवलं, की ठराविक तारखेआधी विद्यार्थ्यांची माहिती द्यायचीच नाही. झालं, भांडण दुसरीकडे सरकलं. मधल्या हॉस्पिटलातून ऑफर आलेला पोरगा चांगल्या हॉस्पिटलच्या उत्तराची वाट बघत थांबायचा, आणि त्यानं नाही म्हटलं की हॉस्पिटलच्या हातातले बाकीचे उमेदवार निघून गेलेले असायचे. मग विचार करायची मुदत कापायला सुरुवात झाली. १९४५ ला १० दिवस, १९४६ ला ८ दिवस आणि १९४९ पर्यंत १२ तासांची मुदतसुद्धा जास्त वाटून फेटाळली गेली.

यातून सुटका झाली ती एका साध्या गोष्टीनं. विद्यार्थ्यांनी आपल्या पसंतीची यादी द्यायची, हॉस्पिटलांनी आपली, आणि सगळ्यांचा निकाल एकाच दिवशी. १९५२ पासून ते चालू झालं. त्याआधी ठरलेल्या पहिल्या पद्धतीत खरी पसंती लिहिणाऱ्याचं नुकसान होत होतं. विद्यार्थ्यांनी ते ओळखलं, आरडाओरडा केला आणि पद्धत बदलून घेतली. हे विसरू नका. नियम वरून आले, पण दुरुस्त खालून झाले.

न्यूयॉर्कच्या सरकारी हायस्कुलांमध्ये हेच दुखणं २००३ पर्यंत होतं. पहिल्या फेरीत सुमारे १७ हजार मुलांच्या हातात एकाहून जास्त शाळा, आणि हजारो मुलं रिकामी. शेवटी ३० हजारांच्या आसपास मुलं अशा शाळेत टाकली जायची, जी त्यांनी मागितलीच नव्हती. अर्थशास्त्रज्ञ अल्विन रॉथ आणि सहकाऱ्यांनी नवी पद्धत बसवली. पहिल्याच वर्षी हा आकडा ३ हजारांवर आला. शाळा त्याच, मुलं तेवढीच. रॉथना २०१२ मध्ये लॉइड शॅप्ले यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

आपल्याकडे आयआयटी आणि एनआयटीचे प्रवेश २०१५ मध्ये एकत्र झाले. त्याआधी एकच पोरगा दोन्हीकडे जागा अडवायचा आणि एक शेवटी रिकामी राहायची. अकरावीचे ऑनलाइन प्रवेश मुंबईत २००९ ला सुरू झाले, २०२५-२६ पासून राज्यभर. या पोर्टलला आपण सगळेच शिव्या देतो, मीही बातम्यांतून दिल्यात. सर्व्हर बसतो, तारखा पुढे जातात. पण पोर्टलचं मूळ काम हेच, की घाबरवून सही घेण्याची ताकद कुणा एकाच्या हातात राहू नये. तारीख पुढे गेली, की ती ताकद परत दलालाच्या हातात जाते. म्हणून वेळापत्रक घसरणं ही किरकोळ गोष्ट नाही.

त्या पालकांना मी तीन गोष्टी सांगितल्या. एक, ओरिजिनल दाखला आज कुठेही देऊ नका, झेरॉक्स द्या. दोन, 'आज पाच' ही मुदत आणि पैसे परतीचा नियम लेटरहेडवर लिहून मागा. तीन, पोर्टलवर पसंतीक्रम भरताना पहिल्या नंबरला तेच कॉलेज लिहा जे खरंच हवंय, कारण पहिली पसंती मिळाली आणि घेतली नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं.

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला आणि लेखी मागितलं. पलीकडे जरा शांतता. मग उत्तर आलं, "बरं, सोमवारपर्यंत चालेल."

यादी त्याआधीच लागणार होती. मुलगी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती, इतका वेळ एक शब्द बोलली नव्हती. बाहेर पडताना वडिलांना म्हणाली, "मग यादी बघूनच ठरवू ना आपण?"

तुमच्यापैकी कुणाला अशीच 'आज संध्याकाळ'ची मुदत मिळाली असेल, तर आधी लेखी मागा. दिलं नाही तर मला येऊन सांगा. ऑफिस एसटी स्टँडसमोरच आहे.