माळवदावरची माती

गेल्या आठवड्यात ऑफिसात जोरदार वाजलं. क्लायंटला जूनअखेर नवीन रिपोर्ट्सचं मॉड्यूल हवंय, आणि आम्हाला बिलिंगचा जुना कोड एकदा उघडून साफ करायचाय. मॅनेजर नेहमीप्रमाणे म्हणाला, "सध्या पॅच मारा, पुढच्या क्वार्टरला बघू." हे वाक्य मी गेल्या तीन वर्षांत नऊ वेळा ऐकलंय (होय, मोजलंय). वैतागून शुक्रवारी रात्रीची गाडी पकडली आणि गावी आलो. उमरगा तालुका, जिल्हा धाराशिव. आजीच्या भाषेत अजून उस्मानाबादच.

आमचं जुनं घर माळवदाचं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर किलचन, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. भिंती दोन-तीन फूट जाड, दगड-मातीच्या. मे महिन्याच्या दुपारी बाहेर ४२ डिग्री असताना आत पंख्याशिवाय झोप लागते. पावसाळ्यात मात्र कुठेतरी गळतं. मग काय करायचं? पावसाआधी वर अजून चार पाट्या माती टाकायची. गळती थांबते. पुढच्या वर्षी परत.

"माती टाकल्याबगर पाणी थांबतंय व्हय?" आजी म्हणाली. तिचं बरोबरच आहे. त्या वर्षापुरतं तेच सगळ्यात स्वस्त आणि शहाणपणाचं काम असतं. पण जुनी माती कुणी काढत नाही. पन्नास-साठ वर्षांत थर फूट-दोन फुटांवर जातो, आणि तेवढं वजन डोक्यावर घेऊन घर उभं राहतं. उभं राहतं हे महत्त्वाचं, कारण उभ्या घराबद्दल तक्रार कोण करणार?

भिंतींचीही एक गंमत. बाहेरच्या अंगाला घडवलेले दगड, आतल्या अंगाला दगड, आणि मधे भरताड. दोन्ही अंगांना सांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बऱ्याच घरांत नसायचा. तो घडवायला मजुरी जास्त आणि बाहेरून बघणाऱ्याला फरक शून्य. डेमो झकास, आत भरताड. असो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोक विसर्जन करून थकून झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला ६.२ रिश्टरच्या आसपासचा धक्का बसला. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी सगळ्यांना माहीत असतं, पण आमच्याकडचं सास्तूर आणि आजूबाजूची गावंही तशीच झोपली. भिंतींचे दोन पदर सुटे झाले, खांबांना तिरके आधार नव्हते, आणि वरची माती खाली आली. मृतांचा अधिकृत आकडा आठ हजारांच्या घरात, इतर अंदाज दहा हजारांपर्यंत जातात. त्याहून मोठे भूकंप जगात होतात आणि इतकी माणसं मरत नाहीत.

आणि हा भाग तेव्हाच्या भूकंप-नकाशावर झोन १ मध्ये होता. म्हणजे सगळ्यात कमी धोका! २००२ मध्ये नकाशा बदलला, झोन १ रद्दच झाला आणि किल्लारीचा परिसर झोन ३ मध्ये गेला. आमच्या रिस्क शीटमधल्या हिरव्या रंगाच्या ओळी मला आठवल्या.

योगायोग बघा, १९९२ मध्ये, म्हणजे एकच वर्ष आधी, वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने घाईत लिहिलेल्या कोडला पहिल्यांदा कर्जाची उपमा दिली. थोडं कर्ज घेतल्याने काम लवकर होतं, फक्त ते फेडत राहायला हवं, असं त्याचं म्हणणं. तो आर्थिक सॉफ्टवेअरवर काम करत होता म्हणून त्याला कर्ज सुचलं. आमच्याकडचा असता तर माती म्हणाला असता. (आमचं सॉफ्टवेअर पडलं तर फार तर कुणाचं बिल चुकतं, माणसं मरत नाहीत. तुलना तेवढ्यापुरतीच घ्या.)

मला खरी रंजक वाटते ती पुढची गोष्ट. पुनर्वसनात ५२ गावं पूर्ण नवीन जागी हलवली. पण आमच्यासारख्या, तडे जाऊन उभ्या राहिलेल्या घरांसाठी जागतिक बँकेच्या मदतीने दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची वेगळी योजना होती. वरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड बसवा, खांबांना तिरके आधार द्या. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावोगावच्या बायकांना संवाद सहाय्यक म्हणून उभं केलं, त्या घरोघर जाऊन हे समजावत. आणि लोकांनी काय केलं? बहुतेकांनी त्या पैशांत जुनं घर मजबूत न करता शेजारी एक नवीन खोली बांधली. आमच्या आजोबांनीही. विटांची, काँक्रीटचा पट्टा घातलेली.

कॉलेजात असताना मला हे वाचून राग आला होता. रिफॅक्टरिंगचं बजेट घेऊन नवीन फीचर! पण आजीला विचारलं तर म्हणाली, त्या भिंतीजवळ झोपायचीच भीती वाटायची, दुरुस्त केली तरी. इंजिनियरने "आता भक्कम आहे" म्हटल्याने भीती जात नाही, नवीन खोली डोळ्यांना दिसते. आमचा क्लायंट नवीन मॉड्यूलच का मागतो, ते मला तेव्हा जरा कळलं. म्हणून तो बरोबर आहे असं नाही. भीती गेल्यावर आजी पुन्हा माळवदाखालीच झोपायला लागली, आणि वरची माती तशीच.

तर रविवारी मी आणि काका घमेलं-फावडं घेऊन वर चढलो. थर स्पष्ट दिसत होते, वरचा भुरा, खालचा पांढरट, मधे कुणीतरी अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद. तो कधी, का टाकला, कुणालाच आठवेना. चार वाजेपर्यंत निम्मं माळवद उतरवलं, एक ट्रॉली भरली. हाताला फोड आले.

मग काकांनी आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "पाऊस आला आठवड्यावर. बाकीचं दिवाळीनंतर बघू."