कलंडला तरी न भडकणारा दिवा

तेलाचा दिवा स्वतःहून क्वचितच आग लावतो. तो कलंडतो, त्याचे तेल सांडते, त्याची काच तडकते किंवा कुणाचा पदर त्याच्या ज्योतीवर जातो आणि मग आग लागते. या चार वाटा डोळ्यांना दिसतात. पाचवी वाट, म्हणजे टाकीत साठणारी तेलाची वाफ, दिसत नाही आणि म्हणूनच ती सर्वांत घातक ठरते. गेल्या दोनशे वर्षांत दिव्यांच्या सुरक्षिततेसाठी जी जी साधने निघाली, त्यांतील प्रत्येक साधन यांपैकी एखादी वाट बुजविण्यासाठी जन्माला आले आहे.

हा विषय कालबाह्य झाला असे शहरी वाचकाला वाटणे साहजिक आहे. मात्र 2001 च्या जनगणनेनुसार देशातील 43 टक्के कुटुंबे प्रकाशासाठी रॉकेलवर अवलंबून होती. 2011 मध्येही हे प्रमाण 31 टक्क्यांहून अधिक, म्हणजे सुमारे पावणेआठ कोटी कुटुंबे इतके होते. त्यानंतर वीजजोडण्या वेगाने वाढल्या आणि रेशनवरील रॉकेलही आटत गेले. तरी वीज गेली की माळ्यावरचा कंदील खाली येतोच. देव्हाऱ्यातली समई तर कधी विझलीच नाही. शिवाय रेशनचे रॉकेल आटल्यामुळे दिव्यात जे मिळेल ते ओतण्याचा मोह वाढतो, आणि धोक्याची सुरुवात नेमकी तिथूनच होते.

तेलाची वाफ आणि 35 अंशांची रेघ

द्रव तेल जळत नाही, जळते ती त्याची वाफ. ज्या तापमानाला तेलावर पुरेशी वाफ जमून ठिणगीसरशी ती क्षणभर पेट घेते, त्याला ‘फ्लॅश पॉइंट’ म्हणतात. भारतीय मानक 1459 नुसार रॉकेलचा फ्लॅश पॉइंट किमान 35 अंश सेल्सिअस असावा लागतो. पेट्रोलचा तो शून्याखाली सुमारे 40 अंश असतो, तर तीळ किंवा शेंगदाण्याच्या तेलाचा अडीचशे अंशांच्या पुढे. समईचा कधी स्फोट होत नाही आणि चिमणीचा होतो, याचे सारे रहस्य या तीन आकड्यांत आहे.

येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. रॉकेलमध्ये थोडेसे पेट्रोल मिसळले तर थोडासाच धोका वाढतो, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात ही भेसळ निव्वळ पेट्रोलपेक्षाही फसवी असते. बंद टाकीत निव्वळ पेट्रोल असेल तर त्याची वाफ इतकी दाट होते की तिला जळण्यास पुरेशी हवाच उरत नाही. भेसळीच्या रॉकेलवर मात्र वाफ आणि हवा यांचे नेमके स्फोटक प्रमाण जमून येते. ज्योत वातीच्या नळीतून आत शिरली की टाकी फुटते. दिसायला रंग तोच, वासही जवळपास तोच. त्यामुळे घरातल्या माणसाला पूर्वसूचना मिळत नाही.

इंग्लंडने हा धडा एकोणिसाव्या शतकात घेतला. तेथे 1879 च्या पेट्रोलियम कायद्याने सर फ्रेडरिक एबल यांचे बंद भांड्यातील चाचणीयंत्र अधिकृत केले आणि 73 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 23 अंश सेल्सिअस, ही मर्यादा ठरविली. भारतातही रॉकेलची चाचणी एबल यांच्याच पद्धतीने होते. आपली 35 अंशांची रेघ त्याहून वरची असली, तरी चंद्रपूरला मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, हे विसरून चालत नाही. उन्हात ठेवलेल्या डब्यातील शुद्ध रॉकेलही अशा दुपारी ती रेघ ओलांडू शकते. दिव्यात तेल दिवसाउजेडी भरावे, पण भर उन्हात नव्हे. आणि पेटत्या किंवा गरम दिव्यात तर कधीच नव्हे.

बाटलीची चिमणी

खेड्यापाड्यांत आणि शहरांच्या झोपडवस्त्यांत सर्वाधिक भाजणूक घडविणारा दिवा म्हणजे चिमणी. औषधाची रिकामी बाटली, झाकणाला पाडलेले भोक, त्यात पत्र्याची नळी आणि चिंधीची वात, एवढाच तिचा संसार. बाटली हलकी आणि उंच असते, झाकण सैल असते. मांजराचा धक्का किंवा रांगत्या मुलाचा हात लागला की ती आडवी होते आणि गोल असल्यामुळे घरंगळते. झाकण निघून तेल बाहेर येते व वात त्या तेलातच पडते. भोवती गोधडी किंवा नायलॉनची साडी असेल तर पुढचे सांगायला नको.

श्रीलंकेत याच दिव्याला ‘कुप्पी लांपुवा’ म्हणतात. मराठीतल्या कुपीचे हे भावंडच. तेथील शल्यचिकित्सक डॉ. विजय गोडकुंबुरा यांनी अशा दिव्यांनी भाजलेले असंख्य रुग्ण हाताळल्यानंतर जखमेऐवजी दिव्यावरच उपचार करायचे ठरविले. 1990 च्या दशकाच्या आरंभी त्यांनी ‘सुदीपा’ नावाचा सुरक्षित दिवा तयार केला. त्याची कल्पना त्यांना मार्माइट या खाद्यपदार्थाच्या बुटक्या बरणीवरून सुचली. दिवा ठेंगणा आणि जाड काचेचा असल्यामुळे जड आहे, म्हणून सहसा कलंडत नाही. पडला तरी सहसा फुटत नाही. त्याच्या दोन बाजू सपाट आहेत, म्हणून तो घरंगळत जात नाही. झाकण धातूचे व आट्यांचे असल्याने तेल भसकन सांडत नाही. यात यंत्र नाही, स्प्रिंग नाही, बिघडण्यासारखे काहीच नाही. जो दिवा गरिबाला जवळजवळ फुकट मिळतो त्याच्याशी स्पर्धा करायची तर साधन इतकेच साधे हवे, हे या डॉक्टरांनी ओळखले होते. 1998 मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या बालकांच्या अपघातांवरील 2008 च्या अहवालातही या दिव्याची दखल घेतली गेली.

कंदिलाची बांधणी

चिमणीच्या तुलनेत वादळी कंदील हे बऱ्यापैकी पूर्ण विचाराअंती घडलेले उपकरण आहे. अमेरिकेतील जॉन अर्विन यांनी 1869 मध्ये दोन बाजूंना नळ्या असलेल्या कंदिलाचे पेटंट घेतले आणि पुढे काही वर्षांत त्यात सुधारणा करून ‘कोल्ड ब्लास्ट’ पद्धत आणली. त्या बाजूच्या नळ्या केवळ दांडा अडकविण्यासाठी आहेत असे अनेकांना वाटते. वास्तविक त्यांतून वरची ताजी हवा खाली बर्नरकडे येते. त्यामुळे वाऱ्याच्या झोतातही ज्योत स्थिर राहते. कंदील आडवा झाला की हवेचा हा प्रवाह बिघडतो, ज्योतीला स्वतःचाच धूर मिळू लागतो आणि ती बहुधा विझते. ‘बहुधा’ या शब्दावर भर द्यायला हवा. टाकीचे झाकण घट्ट नसेल तर विझण्यापूर्वीच तेल पसरलेले असते.

महाराष्ट्राचा या कंदिलाशी जुना संबंध आहे. कराडजवळ ओगले बंधूंनी 1916 मध्ये सुरू केलेल्या काच कारखान्यातून ‘प्रभाकर’ कंदील बाहेर पडला आणि स्वदेशीच्या काळात घरोघर गेला. कारखान्याभोवती वसलेल्या गावाला ओगलेवाडी हे नावच मिळाले. कंदील बनविणारी मंडळी मुळात काचकामातली असावीत यात नवल नाही, कारण कंदिलाची काच हा शोभेचा भाग नसून त्याचे चिलखत आहे. तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की ती तडकते आणि उघडी ज्योत वाऱ्यावर येते. रेल्वेच्या सिग्नल-कंदिलांना हा त्रास फार होता. तो टाळण्यासाठी अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उष्णतेने फारशी न प्रसरणारी काच तयार केली. पुढे 1915 मध्ये याच संशोधनातून पायरेक्सची भांडी बाजारात आली. स्वयंपाकघरातल्या काचेच्या भांड्याचा पूर्वज रेल्वेचा कंदील आहे, ही गंमत फारशी कुणाला ठाऊक नसते.

कंदिलाबद्दलची सर्वांत प्रसिद्ध कथा मात्र खोटी आहे. ऑक्टोबर 1871 मध्ये शिकागो शहर जळाले, सुमारे 300 माणसे मेली आणि एक लाख बेघर झाले. कॅथरिन ओलिअरी यांच्या गाईने गोठ्यातील कंदिलाला लाथ मारली म्हणून हे घडले, असे छापून आले. मायकेल अहर्न या बातमीदाराने ही हकिकत रचलेली असल्याची कबुली 1893 मध्ये दिली. शिकागोच्या नगर परिषदेने त्या बाईंना आणि गाईला दोषमुक्त केले ते 1997 मध्ये!

गॅसबत्तीचा प्रकार वेगळा आहे. तिच्यात रॉकेल हवेच्या दाबाखाली असते. त्यामुळे दाब सोडण्याचा स्क्रू हेच तिचे मुख्य सुरक्षासाधन होय. पेटत्या बत्तीच्या टाकीचे झाकण उघडणे म्हणजे अपघाताला आमंत्रणच.

तारेची जाळी

आग रोखणाऱ्या दिव्यांच्या इतिहासात सर्वांत मोठे पाऊल खाणीत पडले. 25 मे 1812 रोजी इंग्लंडमधील फेलिंग येथील कोळसा खाणीत मिथेन वायूचा स्फोट होऊन 92 जण ठार झाले. त्या काळी खाणकामगार उघड्या ज्योतीच्या उजेडात काम करीत. 1815 मध्ये सर हम्फ्री डेव्ही यांना तोडगा काढण्याची विनंती करण्यात आली. त्यांनी काही महिन्यांतच ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसविलेला दिवा सिद्ध केला आणि जानेवारी 1816 मध्ये हेबर्न खाणीत त्याची प्रत्यक्ष चाचणी झाली.

जाळीला चौरस इंचात 784 छिद्रे होती. छिद्रे असूनही ज्योत बाहेर जात नाही, याचे कारण धातू उष्णता झपाट्याने शोषून पसरवितो. जाळीतून जाताना जळता वायू इतका थंड होतो की पलीकडचा वायू पेटू शकत नाही. प्रयोगशाळेत बर्नरवर जाळी धरून हा प्रयोग कुणीही पाहू शकतो. शिवाय हा दिवा धोक्याची सूचनाही देतो. वात बारीक केली की हवेतील मिथेनमुळे ज्योतीवर फिकट निळी टोपी दिसते, आणि तिच्या उंचीवरून वायूचे प्रमाण जोखता येते. विजेचे दिवे खाणीत आल्यानंतरही वायू तपासण्यासाठी हा दिवा अनेक दशके टिकून राहिला, तो याच गुणामुळे.

डेव्ही यांनी पेटंट घेतले नाही. याच सुमारास जॉर्ज स्टीफन्सन यांनीही स्वतंत्रपणे सुरक्षादीप तयार केला होता आणि श्रेयावरून दोघांच्या पाठीराख्यांत कडाक्याचा वाद झाला. परंतु श्रेयापेक्षा परिणामांची कथा अधिक बोलकी आहे. दिवा ‘सुरक्षित’ म्हटल्यावर पूर्वी धोकादायक म्हणून सोडून दिलेल्या भागांत मालकांनी कामगार उतरविले. वेगवान हवेच्या झोतात ज्योत जाळीबाहेर ढकलली जाई. जाळी लालबुंद झाली किंवा एखादी तार तुटली तर संरक्षण संपे. उजेड मंद असल्याने काही कामगार जाळीच काढून ठेवीत. अखेर दिव्यांना कुलपे बसविण्यात आली. यांतील काही कुलपे लोहचुंबकाची होती आणि ती फक्त वर, दिवाघरातील चुंबकावरच उघडत.

देव्हारा आणि दिवाळी

आपल्या घरांतील जुन्या दिव्यांत सुरक्षिततेचा विचार नव्हता असे मात्र नाही. भिंतीतली दिवळी हे अग्निरोधक साधनच होते: तीन बाजूंनी माती किंवा दगड आणि मुलांच्या हातापासून दूर. लामणदिवा साखळीने टांगलेला असतो, म्हणून तो कलंडण्याचा प्रश्न येत नाही. समईची बैठक रुंद आणि जड असते. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातील दिव्यांचा संग्रह या दृष्टीने पाहिला तर कारागिराची नजर केवळ नक्षीवर नव्हती, हे ध्यानात येते. आजचा धोका दिव्यात कमी आणि जागेत अधिक आहे. फ्लॅटमधील देव्हारा प्लायवूडचा असतो, वर लाकडी छत, मागे पडदा, शेजारी कापूस आणि कापराची डबी. समईला काचेचे आवरण घालणे, खाली परात ठेवणे आणि वरचे छत ज्योतीपासून हात-दीड हात दूर राखणे, एवढ्याने बराच धोका टळतो. पूर्वी आकाशकंदिलात पणती ठेवीत. विजेच्या दिव्याने कागदी कंदिलाची ती भीती पार घालविली.

तेल पेटलेच तर त्यावर पाणी ओतू नये. रॉकेल पाण्यावर तरंगते आणि आग पाण्याबरोबर पसरते. वाळू, माती किंवा ओले जाड कापड टाकून हवा तोडावी. अंगावरचे कपडे पेटल्यास धावू नये. जमिनीवर लोळावे आणि नंतर भाजलेल्या जागेवर साधे वाहते पाणी किमान 20 मिनिटे धरावे. हळद, टूथपेस्ट, शाई यांचे लेप डॉक्टरांचे काम अवघड करतात.

माळ्यावरचा जुना कंदील पुन्हा वापरायचा असेल, तर आधी वातीची रुंदी पाहावी. वात नळीत घट्ट बसली पाहिजे. सैल वातीच्या कडेच्या फटीतून ज्योत टाकीत उतरू शकते. झाकणाचे रबर कडक झाले असल्यास बदलावे. मग टाकी पाऊण भरून, कंदील न पेटविता रात्रभर कोऱ्या कागदावर ठेवावा. सकाळी कागदावर तेलाचा डाग दिसला, तर टाकीच्या सांध्यातून गळती आहे आणि डाग दिलेला कंदील पेटवू नये.