आजीच्या मशीनची बॉबिन

माळ्यावरचं जुनं शिलाई मशीन भंगारात निघतं तेव्हा कितीदा तरी ते बिघडलेलं नसतं. त्याची बॉबिन हरवलेली असते आणि बाजारातून आणलेली त्यात बसत नाही. सगळ्या बॉबिन सारख्या का नाहीत, हे समजायला पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागतं.

हाताने शिवताना एकच दोरा पुरतो. मशीनला दोन लागतात: वरून रिळाचा, खालून बॉबिनचा. दोघांचा गुंता कापडाच्या आत पडला की टाका पक्का. 1846 मध्ये अमेरिकेत एलियास होवे यांनी अशा टाक्याच्या मशीनचं पेटंट घेतलं. 1851 मध्ये आयझॅक सिंगर यांनी आपल्या मशीनचं. दोघांकडेही खालचा दोरा विणकराच्या धोट्यासारखा पुढेमागे धावायचा. त्याच सुमारास अ‍ॅलन विल्सन यांनी वेगळी वाट काढली: गोल फिरणारा हुक आणि चपटी, गोल बॉबिन. पेटंट ज्याचं त्याचं, म्हणून घडणही ज्याची त्याची.

पुढे एकट्या सिंगर कंपनीच्या मशीनमध्येही तऱ्हा झाल्या. 27 आणि 28 या मॉडेलमध्ये होडीसारखं शटल आणि त्यात लांब, काडीसारखी बॉबिन. 15 क्रमांकाच्या मॉडेलमध्ये डावीकडून बसवायची बॉबिन केस आणि सपाट कडांची गोल बॉबिन. 66 मध्ये बॉबिन वरून आडवी ठेवायची. तिच्या बाजू किंचित फुगीर.

यातलं 15 क्रमांकाचं मॉडेल टिकलं, कारण त्याच्या नकला सर्वाधिक झाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधल्या कारखान्यांनी त्याच नमुन्यावर मशीन बनवली आणि सुटे भाग एकमेकांना चालतील असे ठेवले. आपल्याकडेही घरोघरच्या काळ्या हातमशीन आणि पायमशीन बऱ्याचशा याच घडणीच्या. म्हणून त्यांची बॉबिन आजही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते.

घोटाळा होतो तो 15 आणि 66 मध्ये. दोन्ही साधारण 20 मिलिमीटर रुंद. उंचीला 15 ची जवळपास 11.7, तर 66 ची 11 च्या आसपास. डोळ्याला फरक दिसत नाही, मशीनला लगेच कळतो: खाली दोऱ्याचं जाळं होतं, टाके सुटतात, बॉबिन अडकते. अशा वेळी सुई बदलून नि ताण घट्ट करून उपयोग नसतो.

तेव्हा दुकानात नुसतं “जुन्या मशीनची बॉबिन द्या” म्हणू नका. जुनी बॉबिन असेल तर तीच न्या. नसेल तर बॉबिन केस न्या. घरच्या मशीनची बॉबिन शिंप्याच्या मोठ्या मशीनला चालेलच असं नाही, हेही लक्षात ठेवा. मशीन सिंगरचं असेल तर पाट्यावर कोरलेला क्रमांक उतरवून घ्या. त्यावरून मॉडेल आणि साल समजतं. नवी बॉबिन केसमध्ये घातल्यावर न खडखडता सहज फिरली पाहिजे. लांब बॉबिनचं मशीन असेल तर मिळतील तेव्हा चार-पाच एकदम घेऊन ठेवा.

ज्या मशीनवर आईने आपले फ्रॉक आणि परकर शिवले, त्याचं लोखंड अजून शाबूत आहे. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा बॉबिनचं माप घ्या.