बंदूक गेली, कॅमेरा आला... पण किनाऱ्यावरच्या पाखरांचं काय?

थंडी पडली की रविवारी पहाटे अक्षीच्या सुरूबनाजवळ गाड्या लागतात आणि डिकीतून मोठमोठ्या लेन्सेस बाहेर निघतात. मीही त्या गर्दीतलाच, त्यामुळे कुणाला शहाणपण शिकवायला हे लिहीत नाहीये.

गेल्या हिवाळ्यात भरतीच्या वेळी चिखल्या आणि कुरवांचा एक मोठा थवा वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर बसला होता. आमच्यातला एक जण थव्याच्या दिशेने धावला. पाखरं उडाली, सगळ्यांनी बटणं दाबली, मीसुद्धा. फोटो झकास आले, लाइक्सही मिळाले. नंतर सगळे फोटो चाळताना त्यावरची वेळ बघितली. ४० मिनिटांत तोच थवा आम्ही ६ वेळा उडवला होता.

तेव्हापासून आपल्याच तालुक्यातली एक गोष्ट सारखी आठवते.

अलिबागच्या उत्तरेला किहीम. सालिम अलींचं लहानपणीच्या सुट्ट्यांचं गाव. त्यांचा पक्ष्यांचा अभ्यास सुरू झाला तोच एअरगनने पाडलेल्या एका चिमणीपासून. गळ्यावर पिवळा डाग असलेली ती चिमणी ओळखायला ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले. सोसायटीची स्थापना १८८३ ची. तो काळच असा होता की पक्षी ओळखायचा तर आधी मारायचा, मग त्याचं कातडं पेंढा भरून कपाटात ठेवायचं. पुढे सालिम अलींनीही अभ्यासासाठी बरेच पक्षी मारले आणि ते त्यांनी लपवलं नाही.

पण १९३० साली, हातात नोकरी नसताना, ते किहीमला येऊन राहिले आणि सुगरणीच्या वसाहतीसमोर आडोसा करून तासन्‌तास नुसते बघत बसले. नर अर्धवट घरटं बांधतो, मादीला पसंत पडलं तर पुरं करतो आणि लगेच दुसऱ्या घरट्याला लागतो, हे त्या बसण्यातून कळलं. बंदुकीने हे कधीच कळलं नसतं.

१९५९ पासून सोसायटीने पक्ष्यांच्या पायात कडी घालायचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. पक्षी पकडायचा, कडं घालायचं, जिवंत सोडायचा. आपल्या किनाऱ्यावरची पाखरं किती लांबून येतात, ते अशा कामातून उलगडत गेलं.

कॅमेऱ्याचीही सुरुवात संयमातूनच झाली. इंग्लंडमध्ये कीर्टन बंधूंनी १८९२ मध्ये घरट्याचा फोटो काढला. पुढे पक्षी बुजू नयेत म्हणून ते पोकळ बैलाच्या कातड्यात लपून बसायचे! आपल्याकडे लोक वान थो हे सिंगापूरचे गृहस्थ महायुद्धाच्या काळात आसऱ्याला आले आणि सालिम अलींबरोबर फिरून पक्ष्यांचे फोटो काढू लागले. रोल संपायची धास्ती असायची, त्यामुळे वाट बघण्याला पर्याय नव्हता. आता सेकंदाला २० फोटो निघतात आणि वाट बघायची सवयच गेली.

घरट्याजवळ जाऊन फोटो काढू नये, हे आता बहुतेकांना पटलंय. पण अक्षीला येणारे बरेचसे पक्षी इथे घरटी करतच नाहीत, ती दूर उत्तरेला होतात. म्हणून आपल्याला वाटतं, इथे कसला आलाय नियम?

खरी गोम इथेच आहे. ही पाखरं इथे खायला आणि दम खायला येतात. ओहोटीला पुळण उघडी पडली की किडे, शिंपले टिपायचे आणि भरतीला उरलेल्या कोरड्या पट्ट्यावर एका पायावर उभं राहून ताकद राखायची. मार्च-एप्रिलमध्ये परतायच्या आधी त्यांना अंगावर भरपूर चरबी चढवावी लागते. २०२२ मध्ये गॉडविट जातीचं एक पिल्लू अलास्काहून टास्मानियापर्यंत न थांबता १३,५६० किलोमीटर उडालं. असा प्रवास साठवलेल्या चरबीवरच होतो. आपण एकदा थवा उडवला की त्याच साठ्यातून वजाबाकी होते. घरट्याला जेवढं जपतो, तेवढंच भरतीच्या त्या पट्ट्याला जपायला हवं.

मी आता एवढं करतो: भरतीच्या दोन तास आधी जाऊन पुळणीवर खाली बसतो. पाणी चढतं तशी पाखरं आपणहून जवळ सरकतात. माना वर झाल्या, चरणं थांबलं, की पुढे जायचं नाही.

आणि गावाकडे एक मागणी: ऑक्टोबर ते एप्रिल, भरतीच्या वेळेला किनाऱ्याचा थोडा तरी भाग गाड्या, घोडागाड्या आणि आमच्यासारखे फोटोवाले यांच्यापासून मोकळा ठेवा. एक साधा फलक लावला तरी सुरुवात होईल. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडायला माझ्याबरोबर कोण येतंय? खाली लिहा.