वंदा : सातपुड्यातील जंगली आमर

वंदा ही आमर म्हणजेच ऑर्किड कुलातील एक जंगली वनस्पती आहे. तिचे शास्त्रीय नाव वंदा टेसेलाटा. भारतासह श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश आणि म्यानमार या देशांत ती आढळते. आपल्या सह्याद्रीप्रमाणेच सातपुड्याच्या कोरड्या पानझडी जंगलांतही ती तग धरून राहते. तापीच्या खोऱ्यातील बुऱ्हाणपूर जिल्हा याच सातपुड्याच्या रांगांनी वेढलेला आहे. इतर अनेक आमरांना दमट हवा लागते. वंदा मात्र उन्हाळ्यात निष्पर्ण होणाऱ्या मोहासारख्या झाडावरही हिरवी राहते.

वर्णन

वंदा ही अपिवनस्पती आहे. ती दुसऱ्या झाडाच्या खोडावर किंवा फांदीवर वाढते, परंतु त्या झाडाचा अन्नरस घेत नाही. तिची जाड, पांढुरकी मुळे सालीला घट्ट धरून राहतात किंवा हवेत लोंबतात. मुळांवरील स्पंजासारखे आवरण पावसाचे व दवाचे पाणी शोषून घेते. पानांची रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे दिवसाच्या उष्णतेत पाणी वाया जात नाही. पाने पट्ट्यासारखी, जाड आणि मधोमध दुमडलेली असतात.

उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून पावसाळ्यापर्यंत तिला फुले येतात. फुले सुगंधी असून त्यांच्या हिरवट-पिवळ्या पाकळ्यांवर तपकिरी रेषांची जाळी असते. या चौकटीदार नक्षीवरूनच ‘टेसेलाटा’ हे विशेषण आले. फुलाची ओठासारखी पाकळी निळसर-जांभळी असते. फळातील असंख्य बिया धुळीसारख्या सूक्ष्म असतात. त्यांत अन्नाचा साठा नसल्याने विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच त्या रुजतात. त्यामुळे बियांची संख्या प्रचंड असूनही नवी रोपे थोडीच उभी राहतात आणि त्यांना फुलण्याजोगे होण्यास काही वर्षे लागतात.

शोधकांच्या नोंदी

बुऱ्हाणपूर हे दख्खन आणि उत्तर हिंदुस्थान यांना जोडणाऱ्या मार्गावरील मोठे शहर होते. १५८४ मध्ये गोव्यातून निसटलेला इंग्रज प्रवासी राल्फ फिच विजापूर, गोवळकोंडा या मार्गाने येथे आला. १६१५ मध्ये इंग्रजांचा वकील सर टॉमस रो येथे शाहजादा परवेझला भेटला. या प्रवाशांचे लक्ष प्रामुख्याने कापड, बाजार आणि दरबार यांकडे होते. जंगलातील वनस्पतींच्या नोंदी निराळ्या अभ्यासकांनी केल्या.

भारतीय आमरांची जुनी चित्रे हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड याच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या १२ खंडांच्या ग्रंथात आहेत. १६७८ ते १६९३ या काळात तो प्रसिद्ध झाला. रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोचीतील कोंकणी वैद्यांनी त्यासाठी माहिती पुरवली. त्यांचे १६७५ मधील नागरी लिपीतील प्रशस्तिपत्रही ग्रंथात छापलेले आहे. आपण जिला सीतेची वेणी म्हणतो, ती आमर त्यात मल्याळी नावाने आली आणि तिच्या आधारे लिनियसने १७५३ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले.

वंदाच्या बाबतीत मूळ भारतीय नावच टिकले. विल्यम रॉक्सबर्ग यांनी १७९५ मध्ये कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथात तिचे वर्णन ‘एपिडेंड्रम’ या प्रजातीत केले. त्याच वर्षी सर विल्यम जोन्स यांचा भारतीय वनस्पतींवरील लेख, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. आंबा व बेल यांच्या उंच फांद्यांवर राहणारी ही वनस्पती मातीवाचून जगते, हे त्यांनी नोंदवले आणि ‘वंदा’ हे संस्कृत नाव वापरले. १८२० मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी तेच प्रजातीचे नाव म्हणून प्रस्थापित केले. आज जगभरच्या रोपवाटिकांत विकल्या जाणाऱ्या सर्व ‘वंदा’ याच नावाच्या आहेत.

नोंदीमागून ओरबाडणेही आले. खासी टेकड्यांतील निळी वंदा १८५० मध्ये जोसेफ हूकर यांनी सात माणसांच्या ओझ्याइतकी गोळा करून इंग्लंडमधील क्यू उद्यानासाठी पाठवली. त्यांतील थोडीच रोपे जिवंत पोहोचली. पुढे याच निळ्या वंदाचा समावेश १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील संरक्षित वनस्पतींत करावा लागला.

नावामुळे होणारे नुकसान

संस्कृतात ‘वंदा’ हा शब्द झाडावर वाढणाऱ्या परजीवी वनस्पतींसाठीही वापरला जातो. हिंदीतील ‘बांदा’ आणि मराठीतील ‘बांडगूळ’ या शब्दांनी सामान्यतः ज्या वनस्पती ओळखल्या जातात, त्या आश्रयदात्या झाडाचा रस शोषतात. वंदा तसे करत नाही. तरीही झाडाला घातक समजून ती आंब्यावरून खरवडून काढली जाते.

दुसरे नाव ‘रास्ना’. वातविकारांवरील हे प्रसिद्ध आयुर्वेदिक द्रव्य आहे. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशाने प्लुचिया लॅन्सिओलाटा या झुडपाची पाने रास्ना म्हणून मान्य केली आहेत. दक्षिणेत कुलंजनाचा कंद, तर बंगालमध्ये व इतर काही भागांत वंदाची मुळे याच नावाने वापरली जातात. झुडपाची पाने पुन्हा फुटतात. वंदाची मुळे काढली की तिचा आधार आणि पाणी एकदमच तुटते.

संवर्धन

आमर कुलातील वनस्पतींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराने नियंत्रित केला आहे. परंतु सातपुड्यात खरा प्रश्न झाडांचा आहे. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील नेपानगरचा वृत्तपत्र कागदाचा कारखाना १९५६ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला, तो सलई व बांबू यांच्या भरवशावर. २०२२-२३ मध्ये याच परिसरातील जंगलात अतिक्रमणासाठी झालेली वृक्षतोड देशभर चर्चेचा विषय ठरली. तोडलेल्या झाडाच्या जागी रोप लावता येते. मात्र खडबडीत सालीचे, बुरशीला आश्रय देणारे जुने खोड त्या रोपाबरोबर लगेच येत नाही. वंदा वाचवायची तर जुना मोह आणि जुना आंबा उभा राहिला पाहिजे. त्यावरची हिरवी जुडी दिसताच कोयता उचलण्यापूर्वी ती बांडगूळ आहे की वंदा, एवढे पाहून घेणे गोव्यातील बागायतदारालाही शक्य आहे. बांडगुळाची मुळे फांदीत शिरलेली असतात, वंदाची सालीवरच राहतात.