दाढेच्या खाचा आणि निळा उजेड



दाढ दुखली की आपण म्हणतो, “कीड लागली.” हा समज फार जुना. दातात खरोखरच किडा शिरतो, असं हजारो वर्षं जगभर मानलं जायचं. आज आपल्याला ठाऊक आहे, की तिथे किडा नसतो. तोंडातले जंतू गोडधोडावर पोसतात, आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात झिजवतं. दाढेच्या माथ्यावरच्या खाचांत हे जास्त घडतं, कारण काही खाचा इतक्या अरुंद असतात, की ब्रशचा केसही आत पोहोचत नाही.

पूर्वी यावर उपाय एकच होता, तो म्हणजे कोरायचं आणि चांदी भरायची. ही ‘चांदी’ म्हणजे चांदी, कथील, तांबं आणि पारा यांचं मिश्रण. ती दाताला चिकटत नाही, नुसती अडकून बसते. म्हणून खड्डा मडक्यासारखा, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद करावा लागे. शिकागोचे डॉ. जी. व्ही. ब्लॅक यांनी 19व्या शतकाच्या शेवटी याचे नियम घालून दिले. पुन्हा कीड लागू नये म्हणून शेजारच्या चांगल्या खाचाही कोरायच्या, हा त्यांतलाच एक. 1923 मध्ये अमेरिकेतल्याच थॅडियस हायट यांनी तर कीड दिसण्याआधीच खाचा कोरून भरा, असं सुचवलं. दात वाचवायला दातच कापायचा! पण दाताला चिकटेल असं काही हाताशी नव्हतं, म्हणून ही वेळ होती.

ही अडचण सुटली ती रंगकामातल्या एका युक्तीने. धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल वापरत. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरातले दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांनी 1955 मध्ये तेच दाताच्या वरच्या कठीण थरावर करून पाहिलं. गिलावा धरावा म्हणून गवंडी भिंतीला टाचे मारतो ना, तसंच हे. आम्लाने दात अगदी सूक्ष्म खरबरीत झाला आणि त्यावर लावलेलं प्लास्टिक घट्ट धरून राहिलं.

पुढे 1962 मध्ये राफेल बोवेन यांनी एका चिकट राळेचं पेटंट मिळवलं. तिच्यात सिलिकाची बारीक भुकटी मिसळली, की दाताच्या रंगाचं भरण तयार होतं. तेच आजचं कंपोझिट. 1967 मध्ये बुओनोकोर आणि त्यांचे सहकारी क्वेटो यांनी खाचा न कोरताच बुजवण्याचा प्रयोग मांडला. त्यातून सीलंट आलं.

आज हे काम कसं होतं? दाढ साफ करून आम्लाचा लेप काही सेकंद लावतात, धुतात आणि कोरडी करतात. ती खडूसारखी पांढरी दिसली, की पातळ सीलंट खाचांत सोडतात आणि निळ्या उजेडाने घट्ट करतात. त्या उजेडाकडे थेट बघायचं नाही. मध्येच थुंकी लागली तर सीलंट धरत नाही, म्हणून मुलाला स्थिर बसवणं महत्त्वाचं. सुई नको, कोरणं नको. कंपोझिट मात्र किडलेला भाग काढून थराथराने भरतात. शेवटी रंगीत कागद चावायला देऊन उंचवटा शोधतात, घासतात आणि गुळगुळीत करतात. चावताना काही टोचलं, उंच वाटलं, तर तिथेच सांगायचं. संकोच करायचा नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही, म्हणून घरात तिला दुधाचीच समजतात. “किडू दे, पडेल आणि नवी येईल,” असं म्हणतात. पण तिच्या जागी दुसरी कधीच येत नाही. बारा वर्षांच्या सुमाराला तिच्यामागे आणखी एक येते, तीही कायमचीच.

सीलंट लावलं म्हणजे ब्रशला सुट्टी नाही. दोन दातांमधल्या फटीत ते पोहोचत नाही आणि ते निघालं तर पुन्हा लावावं लागतं.

गटाच्या पुढच्या बैठकीत सहा-सात वर्षांच्या मुलांची यादी करूया. टॉर्च लावून त्यांच्या मागच्या दाढा बघूया आणि दातांच्या डॉक्टरांना विचारूया, “सीलंट लावता येईल का?” दाढ दुखायला लागण्याआधीच हे विचारायचं आहे.